रक्ताची उंची मोजणारा पाद्री

पोटाचे डायलिसिस घरी घेणाऱ्या रुग्णाच्या दिवसात एक काम चुकवून चालत नाही. पोटात सोडलेला द्रव चार-सहा तासांनी बाहेर आला, की ती पिशवी उजेडात धरून पाहायची. रंग फिकट पिवळा आहे ना, द्रव नितळ आहे ना, आत किती सोडला होता आणि परत किती आला, हे सारे वहीत टिपून ठेवायचे. एखाद्या दिवशी हीच पिशवी गुलाबी किंवा लालसर दिसते आणि घरातल्यांच्या पोटात गोळा येतो. आत कुठेतरी रक्त सुटले आहे, हे उघड असते. ते किती सुटले आणि त्यात धोका किती, हे मात्र नुसत्या रंगावरून कळत नाही.

पोटात नळ्या घालून एकीकडून द्रव आत सोडावा आणि दुसरीकडून बाहेर काढावा, ही सूचना पावणेतीनशे वर्षांपूर्वीची आहे. शरीरातून रक्त जाऊ लागले की त्याचा दाब कसा ढासळतो, याचे पहिले मोजमापही त्याच सुमाराचे. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या नावावर आहेत. तो डॉक्टर नव्हता. थेम्स नदीकाठच्या टेडिंग्टन या खेड्यातल्या चर्चचा तो पाद्री होता. त्याचे नाव स्टीफन हेल्स.

केंब्रिजमधून खेड्यात

हेल्सचा जन्म 17 सप्टेंबर 1677 रोजी इंग्लंडच्या केंट परगण्यातील बेक्सबोर्न या गावी झाला. घराणे खानदानी होते. धर्मशास्त्र शिकून पाद्री व्हायचे, या हेतूने तो 1696 मध्ये केंब्रिजला गेला. त्या काळी केंब्रिजवर न्यूटनची छाया होती. निसर्गातली प्रत्येक गोष्ट संख्या, वजन आणि माप यांनी समजून घेता येते, हा विचार तिथल्या हवेतच होता. हेल्सने तो उचलला आणि आयुष्यभर सोडला नाही. विल्यम स्टुकली हा वैद्यकाचा विद्यार्थी त्याचा मित्र झाला. दोघे मिळून रानात वनस्पती गोळा करत, बेडूक आणि इतर प्राण्यांचे विच्छेदन करत, रसायनाचे प्रयोग करत. रक्तावरचे पहिले प्रयोग हेल्सने केंब्रिजमध्ये असतानाच कुत्र्यांवर केले.

1709 मध्ये तो टेडिंग्टनला रुजू झाला आणि पुढची पन्नासहून अधिक वर्षे त्याने तिथेच काढली. 1720 मध्ये त्याचे लग्न झाले, पण वर्षभरातच पत्नी वारली. मूलबाळ नव्हते. त्याने पुन्हा लग्न केले नाही. चर्चचे काम आणि प्रयोग, एवढाच त्याचा संसार उरला.

गळणाऱ्या वेलीचा धडा

हेल्सचे नाव आधी झाले ते वनस्पतींमुळे, आणि त्याची सुरुवातही एका अपघाताने झाली. द्राक्षाच्या जुन्या वेलीची छाटणी हंगामाच्या फार जवळ झाली आणि कापलेल्या तोंडातून रस सारखा गळू लागला. आपल्याकडच्या द्राक्षबागायतदारांना हे दृश्य नवे नाही. छाटणीनंतर काडीच्या टोकाला पाणी टपकताना त्यांनी पाहिलेले असते. पण हेल्सला वेल मरेल अशी धास्ती वाटली. गळती थांबवण्यासाठी त्याने कापलेल्या तोंडावर जनावराच्या मूत्राशयाचा तुकडा घट्ट बांधला. थोड्या वेळाने पाहतो तो काय, आतल्या रसाच्या जोराने ते कातडे फुगून ताठ झालेले!

दुसरा कोणी असता तर त्याने दोरी आणखी आवळली असती. हेल्सने त्या तोंडावर काचेची नळी बसवली आणि रस किती उंच चढतो ते मोजायला घेतले. मग त्याने कुंडीतले सूर्यफुलाचे झाड घेतले. कुंडीचे तोंड बंद करून तो तिचे दररोज वजन करू लागला. पाणी किती घातले, वजन किती घटले, म्हणजे पानांवाटे किती पाणी उडाले, याचा त्याने हिशेब मांडला. साडेतीन फूट उंचीचे ते झाड दिवसाच्या बारा तासांत सरासरी सव्वा पौंड, म्हणजे अर्धा लिटरहून थोडे जास्त पाणी हवेत सोडत होते. हे सारे प्रयोग 1727 मध्ये पुस्तकरूपाने आले. फ्रान्सच्या ब्यूफाँने त्या पुस्तकाचे फ्रेंच भाषांतर केले आणि या खेड्यातल्या पाद्र्याचे नाव युरोपभर पोहोचले.

आत किती गेले, बाहेर किती आले आणि मधला फरक कुठे गेला, हा हेल्सचा कायमचा प्रश्न होता. पोटाच्या डायलिसिसची वहीही नेमका हाच प्रश्न विचारते.

घोडीच्या धमनीतली नळी

वेलीतला रस मोजता येतो, तर प्राण्याच्या धमनीतले रक्त का मोजता येऊ नये? हार्वेने शंभर वर्षांपूर्वी रक्त शरीरात फिरते हे दाखवून दिले होते. पण ते किती जोराने फिरते, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

एका डिसेंबरात हेल्सने सुमारे चौदा वर्षांची एक घोडी आणवली. तिच्या खांद्याला चिघळलेली जखम होती आणि ती कामाची राहिलेली नव्हती. तिला पाठीवर आडवी बांधून त्याने मांडीतली धमनी उघडली, तीत पितळेची बारीक नळी बसवली आणि तिला नऊ फूट उंच काचेची नळी जोडली. बांध सोडताच रक्त काचेत उसळले आणि हृदयाच्या पातळीपासून 8 फूट 3 इंच उंचीवर जाऊन खालीवर हेलकावू लागले. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला ते चढत होते, उतरत होते. रक्तदाबाचे हे जगातले पहिले मोजमाप.

हेल्स इथेच थांबला नाही. त्याने घोडीचे रक्त मापाने, साधारण एकेक लिटर काढायला सुरुवात केली. दर मापानंतर तो काचेतली उंची पुन्हा पाही आणि टिपून ठेवी. उंची सरळ रेषेत खाली आली नाही. काही वेळा ती थोडी सावरे, आणि मग पुन्हा घसरे. शरीर झीज भरून काढण्यासाठी झगडत होते. बरेच रक्त गेल्यावर घोडीला दरदरून गार, चिकट घाम सुटला आणि त्यानंतर ती गेली.

ते दृश्य क्रूर होते, यात शंका नाही. हेल्सच्या हयातीतही तसे म्हणणारे लोक होते. जवळच्या ट्विकनम गावात राहणारा कवी अलेक्झांडर पोप हा हेल्सचा चांगला स्नेही. त्याच्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून हेल्सची सहीही आहे. तरी मुक्या जनावरांवरचे हे प्रयोग पोपला अजिबात पसंत नव्हते. आज असा प्रयोग करता येणार नाही. पण रक्त जाऊ लागल्यावर शरीर आधी तग धरते, मग एकाएकी ढासळते आणि गार घाम ही धोक्याची खूण असते, हे कागदावर उतरले ते त्या घोडीमुळेच.

याच आकड्यांवरून माणसाचे रक्त अशा नळीत साडेसात फूट चढेल, असा हेल्सने अंदाज बांधला. तो बराच जास्त होता. आजच्या हिशेबाने 120 मिलिमीटर पारा म्हणजे रक्ताचा सुमारे दीड मीटर, पाच फूट उंच स्तंभ. पण आकडा चुकला तरी वाट बरोबर होती.

आतड्यातल्या बारीक वाहिन्या

1733 मध्ये रक्तावरचे हे सारे प्रयोग पुस्तकात आले. त्यात घोडीइतका प्रसिद्ध नसलेला, पण पोटातल्या रक्तस्रावाशी अधिक जवळचा एक प्रयोग आहे. हेल्सने मेलेल्या कुत्र्याच्या महाधमनीत नळी बसवली आणि आतडी लांबीने चिरून उघडी ठेवली. मग नळीतून ठरावीक उंचीवरून द्रव ओतत, तो आतड्यातल्या केसाएवढ्या वाहिन्यांतून झिरपून बाहेर यायला किती सेकंद लागतात, ते मोजले.

कोमट पाणी भराभर निघाले. ब्रँडी ओतली तेव्हा वेग मंदावला. सिंकोना सालीच्या तुरट काढ्यानेही तेच झाले, आणि थंड पाण्यानेही. हेल्सने निष्कर्ष काढला, की या बारीक वाहिन्या म्हणजे नुसत्या नळ्या नाहीत. त्या आकसतात आणि सैलावतात. ऊब त्यांना सैल करते, गारवा आणि तुरट पदार्थ त्यांना आवळतात. रक्त किती जोराने वाहील, हे एकट्या हृदयावर ठरत नाही. या वाहिन्यांच्या अडथळ्यावरही ते ठरते.

ब्रँडीचा तो प्रयोग हेल्सच्या मनात घर करून राहिला. लंडनमध्ये तेव्हा जिन या स्वस्त दारूने हजारो कुटुंबे धुळीला मिळत होती. पुढच्याच वर्षी, 1734 मध्ये, त्याने दारूविरुद्ध पुस्तिका छापली, आणि तीही आपले नाव न घालता. दारूवर निर्बंध आणणाऱ्या कायद्यांसाठी तो पुढे अनेक वर्षे खटपट करत राहिला.

ट्रुरोची रुग्ण आणि दोन नळ्या

1744 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक विलक्षण हकिगत आली. कॉर्नवॉलमधील ट्रुरो गावचा शल्यवैद्य ख्रिस्तोफर वॉरिक याच्याकडे जलोदराची पन्नाशीची एक बाई होती. पोटातले पाणी काढावे, तर काही दिवसांत ते पुन्हा भरे. पोटातल्या बारीक वाहिन्या फुटून झिरपत असाव्यात आणि तुरट औषधाने त्या आवळता येतील, असा वॉरिकचा तर्क होता. म्हणून पाणी काढल्यावर त्याने तिच्या पोटात तांबडी वाइन आणि ब्रिस्टलचे झऱ्याचे पाणी निम्मेनिम्मे मिसळून सोडले. बाईला असह्य झोंबले, घेरी आली. वॉरिकला हात आखडता घ्यावा लागला. मात्र पाणी पुन्हा साठले नाही आणि बाई हिंडूफिरू लागली, असे त्याने कळवले.

हेल्सने ही हकिगत वाचली आणि त्याला तिच्यातली अडचण लगेच दिसली. पोटातले पाणी एकदम काढले, की आतला दाब झपकन उतरतो आणि रुग्णाला घेरी येते. रक्ताच्या उंचीशी वर्षानुवर्षे झुंजलेल्या माणसाला हे सांगावे लागत नव्हते. त्याने रॉयल सोसायटीला छोटेसे टिपण पाठवले. पोटाच्या दोन बाजूंना दोन पोकळ नळ्या घालाव्यात, एकीतून औषधी द्रव आत जावा आणि त्याच वेळी दुसरीतून पोटातले पाणी बाहेर यावे, म्हणजे पोट एकदम रिकामे पडणार नाही, अशी त्याची सूचना होती.

हेल्सच्या डोळ्यापुढे जलोदर होता. निकामी मूत्रपिंडाच्या रुग्णाचे रक्त याच वाटेने शुद्ध करता येईल, हे त्याला सुचणे शक्यच नव्हते. त्याची सूचना त्या काळी रूढही झाली नाही. जंतूंची कल्पना नसलेल्या काळात पोटात दोन भोके पाडणे जिवावरचे होते.

हवा, पाणी आणि मूतखडा

हेल्सची उरलेली वर्षे लोकांच्या आरोग्याच्या कामात गेली. मूत्राशयातला खडा विरघळवणारे औषध तो बराच काळ शोधत होता. जो द्रव खडा विरघळवतो तो मूत्राशयही जाळतो, हे त्याच्या प्रयोगांत दिसून आले आणि त्याने तसे स्पष्ट लिहिले. या कामासाठी त्याला 1739 मध्ये रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले.

त्याच सुमारास त्याने भात्यासारखे चालणारे मोठे हवापंखे तयार केले. जहाजांचे तळघर, तुरुंग, इस्पितळे अशा कोंदट जागांतली हवा ते खेचून बाहेर टाकत. न्यूगेटच्या कुप्रसिद्ध तुरुंगावर पवनचक्कीने चालणारे असे यंत्र बसवले गेले.

म्हातारपणी त्याने टेडिंग्टनच्या लोकांसाठी स्वच्छ पाण्याची सोय केली. तेव्हाही सवय गेली नाही. सेकंदाच्या लंबकाचे किती झोके होईपर्यंत दोन क्वार्टचे भांडे भरते, हे त्याने चर्चच्या नोंदवहीत लिहून ठेवले. 4 जानेवारी 1761 रोजी, वयाच्या 83 व्या वर्षी तो वारला. स्वतः पुन्हा बांधून घेतलेल्या टेडिंग्टनच्या चर्चच्या मनोऱ्याखाली त्याला पुरण्यात आले.

दोनशे वर्षांनंतर

हेल्सच्या दोन नळ्या 1946 मध्ये पुन्हा दिसल्या, त्या अमेरिकेत बोस्टनमध्ये. जेकब फाइन, हॉवर्ड फ्रँक आणि अर्नोल्ड सेलिग्मन या डॉक्टरांनी मूत्रपिंडे बंद पडलेल्या रुग्णाच्या पोटात एका नळीतून द्रव सतत सोडला आणि दुसरीतून काढून घेतला. मूत्रपिंडे पुन्हा सुरू होईपर्यंत रुग्ण जगला. पुढे दोन नळ्यांची जागा एका नळीने घेतली. 1968 मध्ये हेन्री टेंकॉफने सिलिकॉनची मऊ, कायम ठेवता येणारी नळी आणली. 1976 मध्ये पोपोविच आणि मॉन्क्रिफ यांनी दिवसभर द्रव पोटात ठेवून काही तासांनी बदलण्याची पद्धत मांडली आणि पोटाचे डायलिसिस घरी घेणे शक्य झाले.

यात गाळणीचे काम करते ते पोटातल्या अवयवांवरचे पातळ आवरण, म्हणजे पेरिटोनियम. त्यात केसाएवढ्या रक्तवाहिन्यांचे जाळे असते. हेल्सने सेकंद मोजले ते याच परिसरातल्या वाहिन्यांचे. रक्तातली घाण आणि जादा पाणी या वाहिन्यांतून द्रवात उतरते. क्वचित रक्तही उतरते.

पिशवी लाल दिसली तर

पहिली गोष्ट, घाबरू नये. एका लिटर द्रवात 2 मिलिलिटर रक्त मिसळले तरी पिशवी ठळक लालसर दिसते. रंग भीतिदायक असला तरी गेलेले रक्त अनेकदा चमचाभरही नसते. पाळी येणाऱ्या स्त्रियांमध्ये पाळीच्या दिवसांत किंवा दोन पाळ्यांच्या मधोमध, अंडे सुटताना असे होऊ शकते. बहुतेक वेळा ते आपोआप थांबते. नळी नुकतीच बसवली असेल, तिला हिसका बसला असेल किंवा जड वजन उचलले असेल, तरीही थोडे रक्त दिसते.

दुसरी गोष्ट, दुर्लक्षही करू नये. मूत्रपिंडे निकामी झालेल्यांच्या रक्तातल्या प्लेटलेट नीट काम करत नाहीत, त्यामुळे रक्त लवकर थांबत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धोका वाढतो. मूत्रपिंडातली किंवा अंडाशयातली गाठ फुटणे, स्वादुपिंडाला सूज, प्लीहेला इजा, जुनाट डायलिसिसमुळे आवरण जाड होऊन आतड्यांना जखडणे, अशी गंभीर कारणेही असतात. म्हणून लाल पिशवी दिसली की त्याच दिवशी डायलिसिस केंद्राला कळवावे. शक्य असेल तर पिशवी फेकू नये, निदान तिचा फोटो ठेवावा. द्रव गढूळ असेल, ताप किंवा पोटदुखी असेल, तर जंतुसंसर्गाची शंका घ्यावी लागते. त्यातही वेळ घालवू नये.

रंग दर बदलाला गडद होत असेल, गुठळ्या येत असतील, पोट जोरात दुखत असेल, चक्कर, धडधड किंवा गार घाम असेल, तर फोनवर सल्ला घेत बसू नये. थेट रुग्णालय गाठावे. हेल्सच्या घोडीलाही गार घाम सुटला तो शेवटी. तोपर्यंत बरेच रक्त गेलेले होते. शरीर काही काळ दाब टिकवून धरते, म्हणून सुरुवातीला रक्तदाब ठीक आला तरी निर्धास्त होणे बरोबर नाही.

सौम्य रक्तस्रावात डॉक्टर अनेकदा द्रव नेहमीसारखा गरम न करता खोलीच्या तापमानाचाच ठेवून काही वेळा भराभर बदलायला सांगतात. गारव्याने आतल्या बारीक वाहिन्या आकसतात आणि रक्त थांबायला मदत होते. गुठळीने नळी बंद होऊ नये म्हणून द्रवात हेपरिनही घालतात. रक्त पातळ करणारे औषध रक्तस्रावातच का, असा प्रश्न रुग्णाला पडतो. पोटात सोडलेले हेपरिन रक्तात फारसे शोषले जात नाही, ते नळीपुरतेच काम करते, हे त्याचे उत्तर. मात्र हे दोन्ही उपाय डॉक्टरांनी सांगितल्यावरच करायचे. चालू असलेल्या गोळ्याही आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

रुग्णालयात गेल्यावर डॉक्टर आधी ती वही मागतात. आत किती, बाहेर किती, रंग कधीपासून बदलला, पाळीची तारीख कोणती, रक्तदाब आणि नाडी किती, हे सगळे तिथे लिहिलेले असेल तर कारण लवकर सापडते. कोरी वही असेल तर पहिला तास विचारपूस करण्यातच जातो. म्हणून दर बदलानंतर पिशवी उजेडात धरायची आणि आकडे त्याच वेळी लिहायचे, पिशवी नितळ असली तरीही.